डग्गा बोलला पाहिजे

"घुमतोय," काका म्हणाले, "पण बोलत नाहीये."

दुपारपासून मी त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर बसून वायरी ओढत होतो. कर्वेनगरातला तिसरा मजला, अकरा बाय सतराचा हॉल. मुलाने परदेशातून आग्रह करकरून घ्यायला लावलेला होम थिएटरचा संच होता. पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि कोपऱ्यात दहा इंची सबवूफर. जोडणी झाली होती, एका इंग्रजी सिनेमातला गाड्यांचा पाठलाग लावून दाखवला होता, काकू चहा ठेवून गेल्या होत्या. माझ्या हिशेबाने काम संपलं होतं. मग काकांनी एकल तबल्याची एक सीडी काढून दिली. बँकेत नोकरी करून रोज संध्याकाळी तबला शिकवत आलेला हा माणूस. डोळे मिटून दोन-तीन मिनिटं ऐकलं आणि एवढंच बोलले.

मला ते लगेच कळलं नाही. ते उठले, आतून स्वतःचा डग्गा घेऊन आले, चुंबळीवर ठेवला, 'घे' वाजवला आणि मनगट दाबत शाईकडे सरकवत नेलं. सूर खालून निघाला, वर चढला आणि तळहात टेकताच थांबला. "चढताना मधे कुठे फुगला का? हात ठेवल्यावर काही मागे उरलं का? आता तुझा डबा ऐक." मी ऐकलं. सीडीवरची मींड खालून निघायची, एका ठरावीक जागी आली की सगळा हॉल गुंऽऽ करून भरून जायचा आणि पुढे सरकली की सूर जमिनीत जिरल्यासारखा व्हायचा. वादकाने 'क' वाजवून डग्गा बंद केला तरी खोलीत गुणगुण रेंगाळत राहायची. पुढच्या 'धा'च्या अंगावर मागच्या 'धा'ची सावली पडायची.

ही गोष्ट २०११ सालची. तोवर मला या धंद्यात वीस वर्षं झाली होती. चांगला बेस कुठला आणि वाईट कुठला, हे माझ्या कानाला कळत होतं, पण गिऱ्हाइकाला सांगायला शब्द नव्हते. काकांनी ते दिले. घुमणं वेगळं, बोलणं वेगळं. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी गेलो की आधी हेच तपासतो.

माझी सुरुवात बुधवार पेठेत झाली. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची जी दाटी आहे, तिथल्या एका बोळात भाऊंचं दुकान होतं, आठ बाय सहाचं. काम एकच, स्पीकर रिकोनिंग. फाटलेला कागदी कोन उतरवायचा, जळलेली व्हॉइस कॉइल कापायची, चुंबकाच्या फटीतला कचरा चिकटपट्टीच्या कडेने काढायचा, नवी कॉइल मधोमध बसवायची आणि सोल्यूशन सुकेपर्यंत हात लावायचा नाही. कॉइल केसभर जरी तिरकी बसली तरी ती चुंबकाला घासते आणि खर्र असा आवाज येतो. भाऊ दोन्ही हातांची बोटं कोनावर ठेवून तो हळूच आत दाबायचे आणि कान जवळ न्यायचे. घासत नाही अशी खात्री झाल्याशिवाय तो स्पीकर दुकानाबाहेर जात नसे. गणपतीच्या आधी मांडववाल्यांचे वूफर रांगेने यायचे, आणि विसर्जनानंतर तेच पुन्हा. ढोल वाजावा तसं त्यांना स्पीकरकडून हवं असायचं. धमधम. त्या दुकानात 'बेस' या शब्दाचा अर्थ छातीत बसणारा ठोसा, याहून जास्त नव्हता. मी तिथे सहा वर्षं होतो आणि मलाही तसंच वाटत होतं.

तिथे शिकलेली एक गोष्ट मात्र मी आजही रोज वापरतो. पेन्सिल सेल. स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. सेलचं धन टोक स्पीकरच्या लाल टोकाला असेल तर कोन बाहेर उडी मारतो, उलट असेल तर आत जातो. पुढे मी घरोघरी जोडणी करायला लागलो तेव्हा वारज्यात एकदा चमत्कारिक तक्रार आली. नवे, मोठे, जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर, आणि बेस नावाला नाही. मालक दोनदा दुकानात भांडून आले होते. मी सोफ्यावर बसून ऐकलं. गाणाऱ्या बाईचा आवाज दोन स्पीकरांच्या मधे उभा राहत नव्हता, नुसता इकडेतिकडे पसरत होता. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या वायरी सोडल्या आणि तिथूनच दोन्हींना सेल टेकवला. एक कोन बाहेर आला, दुसरा आत गेला. भिंतीतून वायर नेणाऱ्याने दोन टोकं उलटी काढली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, त्याच क्षणी दुसरा ती मागे ओढत होता. वरच्या पट्टीतल्या आवाजांच्या लहरी आखूड असतात, त्यांच्यात हा झगडा तितका जाणवत नाही. खालच्या लांब लहरी मात्र एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. मी एका बाजूची वायर बदलली, दोन मिनिटांचं काम. त्या घरात दोन महिने बेस नव्हता तो असा.

साधारण २००० नंतर होम थिएटरची लाट आली. डीव्हीडी आली, पाच अधिक एकचा संच आला, आणि खोक्यांवर पीएमपीओ नावाचे राक्षसी आकडे आले. हातात मावणाऱ्या डब्यावर हजारो वॉट लिहिलेले असायचे. पीएमपीओच्या मागे सर्वमान्य असं मोजमाप नव्हतंच. सलग किती वॉट सोसतो हे सांगणारा आरएमएस आकडा त्याच्या कितीतरी खाली असायचा, पण तो कोणी विचारत नसे. 'अधिक एक' म्हणजे काय, हेही फार थोड्यांना माहीत होतं. सिनेमाच्या ध्वनीत एक वेगळी वाट फक्त खालच्या आवाजांसाठी ठेवलेली असते, १२० हर्ट्झपर्यंतची. भूकंप, स्फोट, विमानाची घरघर तिच्यातून येते, आणि ती वाट इतर वाटांपेक्षा १० डेसिबल मोठी वाजेल असंच गणित बांधलेलं असतं. सगळा भार त्या एका डब्यावर येतो. म्हणून लोक डबाच बदलत बसतात. आठ इंचीचा दहा इंची, दहाचा बारा. मीही ते विकले. त्यातले निम्मे तरी विकायला नको होते, असं आज वाटतं.

कारण खालचा आवाज डब्यात नसतोच मुळी. तो खोलीत असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ४० हर्ट्झची एक लहर म्हणजे साडेआठ मीटरहून लांब, अठ्ठावीस फूट. आपल्या बेडरूमा दहा बाय बाराच्या. ती लहर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुरतीसुद्धा उलगडत नाही, आपटून परत येते आणि स्वतःलाच भेटते. खोलीच्या लांबीच्या दुपटीने ३४५ला भागलं की त्या खोलीचा स्वतःचा पहिला सूर मिळतो. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६ किंवा ५७. त्यांच्या दुपटी, तिपटी, आणि आडवे-तिडवे आणखी कितीतरी. डब्यातून त्यातला एखादा सूर निघाला की खोली तो उचलून धरते आणि सोडत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असलेली खोली मी एकदा केली आहे. तिचे तिन्ही सूर एकाच जागी येऊन बसले होते. गाणं कुठलंही लावा, खाली एकच स्वर ऐकू यायचा. २०१६ साली 'सैराट' आल्यावर प्रत्येक घरी 'झिंगाट' लावून दाखवा म्हणायचे. त्या खोलीत ते लावलं तर ठेका सोडून नुसता घरघराट.

परदेशी मासिकांमधले सल्ले मी आधी जसेच्या तसे वापरायचो आणि ते फसायचे. कारण कळायला मला वेळ लागला. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली. ती भिंत बेसबरोबर थोडी हलते आणि त्यातला काही पिऊन टाकते. आपल्याकडे वर-खाली काँक्रीटचा स्लॅब, बाजूला वीट नाहीतर ब्लॉक, जमिनीला गुळगुळीत फरशी. इथून बेस कुठे जाणार? आत कोंडून घुमत राहतो. लोक मग भिंतीला दोन इंचांचा फोम लावतात, अंड्यांचे ट्रे लावतात, जाड पडदे लावतात. त्याने टाळी वाजवल्यावरची झणझण कमी होते, माणसांचं बोलणं स्वच्छ होतं, ते चांगलंच आहे. पण ४० हर्ट्झच्या लहरीचा चौथा भागच दोन मीटरहून अधिक भरतो. तिला दोन इंच फोमचं काय! कोपऱ्यात छतापर्यंत रॉकवूलचे जाड खांब उभारले तर फरक पडतो. आपल्या घरात तेवढी जागा कपाट मागतं, आणि कपाटाचा हक्क आधीचा आहे. म्हणून इथे मुख्य औषध जागेचंच. डबा कुठे ठेवायचा आणि माणूस कुठे बसवायचा.

त्यासाठीची जुनी युक्ती सोपी आहे. सबवूफर उचलून थेट सोफ्यावर ठेवायचा, जिथे घरमालकाचं डोकं येतं तिथे. एखादं गाणं लावायचं ज्यात बेसची चाल वर-खाली पायऱ्यांनी जाते. मग आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं, कान जमिनीपासून फूटभरावर. एका कोपऱ्यात सगळं गिळून टाकणारा घुमारा लागतो. चार फूट पुढे गेलं की बेस नाहीसाच होतो. आणखी तीन फुटांवर अचानक चालीतला प्रत्येक स्वर वेगळा, सारख्या वजनाचा ऐकू येतो. तिथे खडूने फुली मारायची आणि डबा तिथे आणून ठेवायचा. खोलीला देणं-घेणं दोन्ही दिशांनी सारखंच असतं, त्यामुळे सोफ्यावर बसलेल्याला आता तेच ऐकू येतं. पहिल्यांदा रांगायची वेळ आली तेव्हा अख्खं घर दारात उभं होतं, आणि घरातली दीड वर्षांची मुलगी माझ्या शेजारून रांगत निघाली. बेस जिथे मोठा झाला तिथे ती थांबली आणि तिने फरशीवर तळहात ठेवला. लहान मुलांना हे न सांगता कळतं, असं मी तेव्हापासून मानतो.

बेस नाहीसा होतो ती जागा सगळ्यात अवघड. औंधमधल्या एका बंगल्यात सोफा बरोबर खोलीच्या मध्यावर होता, आणि वास्तुरचनाकाराने तो तिथून हलवायचा नाही असं बजावून ठेवलं होतं. लांबीच्या पहिल्या सुराचा दाब खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो. भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखाली जमीन हलत होती, आणि सोफ्यावरच्याला काही नाही. मी आवाज वाढवला. इक्वलायझरवर तेवढीच पट्टी वर नेली. दहा डेसिबलचा खड्डा भरायचा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने दहापट ताकद लावायची. हे मला पाठ होतं, तरी मी वाढवत गेलो. खड्डा भरला नाहीच, कारण जेवढं ओतावं तेवढं भिंतीवरून परत येऊन स्वतःला पुसत होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला. डब्यातून जळका वास येत होता. व्हॉइस कॉइल काळी पडलेली. सहा वर्षं दुसऱ्यांनी जाळलेल्या कॉइली बदलल्या आणि ही मी जाळली. ती माझ्या खर्चाने भरून दिली. मग वास्तुरचनाकारांना विनंती करून सोफा अडीच फूट मागे नेला, आणि काही काळाने मालकांनी दुसरा लहान सब घेतला. हरमन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ साली एकाहून अधिक सबवूफरांवर निबंध मांडला होता. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर खोलीतल्या बऱ्याच बैठकींवर बेस एकसारखा होतो, हे त्यांनी दाखवलं. आम्ही तसंच केलं. दोन मध्यम डब्यांनी जे साधलं, ते एका महाग डब्याला साधलं नव्हतं. आजही कोणी बारा इंची मागायला आलं की मी आधी दोन आठ इंचींचा भाव सांगतो.

तर काका. त्यांच्या हॉलची लांबी सतरा फूट. पहिला सूर ३३ हर्ट्झ, त्याची दुप्पट ६६. डग्ग्याची मींड नेमकी तिथूनच जात होती, म्हणून त्या जागी फुगवटा. कोपरा ही अशी जागा आहे की तिथून खोलीचे सगळे सूर एकदम जागे होतात. मी लांब भिंतीच्या एक चतुर्थांशावर, कोपऱ्यापासून सव्वाचार फुटांवर डबा आणला. तिथून तो ६६चा सूर जागाच होत नाही, कारण त्याचा दाब तिथे शून्य असतो. दिवाण मागच्या भिंतीला चिकटून होता, तो दोन फूट पुढे घेतला. काकूंना झाडायला जागा झाली म्हणून त्या खूश. काकांनी तीच मींड पुन्हा लावली. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "अर्धा बोलतोय." मी डब्याचा आवाज निम्म्याहून खाली आणला. धंद्यात ही सगळ्यात कठीण गोष्ट आहे. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेली वस्तू त्याच्याच समोर लहान करायची. पण फुगवटा गेल्यावर तेवढ्याची गरजच उरली नव्हती. आधी त्या एका सुराच्या गोंगाटात बाकीचे बुडत होते, म्हणून आवाज वाढवावा लागत होता. आता 'घे' निघाला, चढला, 'क'वर थांबला. काका काही बोलले नाहीत. बोटं मांडीवर चालत होती. उठताना त्यांनी ती सीडी माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे. प्रत्येक घरी लाव."

ती मी लावतो. पण एवढ्यावर भागत नाही. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल' असं विचारलं जातं, आणि महाग स्पीकर घेतलेल्या माणसाला 'स्मॉल' निवडायला अपमान वाटतो. त्याचा स्पीकरच्या मोठेपणाशी संबंध नाही. 'स्मॉल' म्हणजे खालचं ओझं सबकडे द्या. किती खालचं, ती सीमा मी बहुधा ८० हर्ट्झवर ठेवतो. टीएचएक्सच्या घरगुती मानकांनी रूढ केलेला हा आकडा माझ्या अनुभवात खरा ठरला आहे. त्याच्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही. सीमा १२०च्या वर नेली की पुरुषाचा आवाज कोपऱ्यातल्या डब्यातून ओघळायला लागतो. फेजचं बटण दोन्हीकडे फिरवून बघायचं, आणि जिथे सीमेजवळचा आवाज भरीव होतो तिथे सोडून द्यायचं.

दुसरी कसोटी तानपुऱ्याची. काळी एकला लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याची जोड १३९ हर्ट्झच्या आसपास असते, आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, साधारण ६९. मोबाइलवर ऐकतानाही आपल्याला खर्ज आहेसा वाटतो, पण तिथे ६९ नसतोच. वरचे अंश ऐकून मेंदू पायाचा सूर स्वतः भरून काढतो. चांगल्या संचात तो खराखुरा येतो तेव्हा मोठा लागत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे भिंत उभी राहिल्यासारखी वाटते, इतकंच. मी सब बंद करतो आणि घरच्यांना विचारतो, काय गेलं? बहुतेक जण 'बेस गेला' म्हणत नाहीत. 'आवाज पातळ झाला' म्हणतात, 'लांब गेला' म्हणतात. एका मावशींनी 'आधार गेला' म्हटलं होतं. ही उत्तरं आली की मला कळतं, डबा नीट लागला आहे. सब चालू असताना तो ऐकू येत असेल, तर अजून काम बाकी आहे.

आणि मग घर. बेस नीट लागला की घरातली प्रत्येक सैल वस्तू बोलू लागते. मी २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा सूर लावतो आणि खोल्याखोल्यांतून हिंडतो. ३८ला लोखंडी कपाटाचं दार, ४४ला शोकेसची काच, ५२ला सरकत्या खिडकीचा पत्रा, माळ्यावरच्या पितळी पातेल्यांच्या चळतीत कुठेतरी एक झाकण. देवघरातली घंटा एकदा तासभर सापडत नव्हती. कपाटाच्या दाराला रबराची पट्टी, काचेला फेल्टचे तुकडे, पातेल्यांमध्ये जुन्या सुती साडीच्या घड्या. पुष्कळ लोक ज्याला 'स्पीकर फाटतोय' म्हणतात, ते खरं तर घर वाजत असतं. या तासाभराचे मी वेगळे पैसे घेत नाही. एवढं केल्याशिवाय काम पुरं झालं असं वाटत नाही.

शेवटचं घर सांगतो. सिंहगड रोडवरची सोसायटी, चौथा मजला. दोघं नवरा-बायको नोकरी करणारी, सिनेमा बघायची वेळ रात्रीचीच. खालच्या मजल्यावरून तक्रारी सुरू झाल्या आणि प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. कोणीतरी आवाज मोजायचा मीटर आणला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मीटर काही फार दाखवत नव्हता. वरचे म्हणाले, बघा, आम्ही नियमात आहोत. पण ते मोजमाप कानाच्या सवयीला धरून केलेलं असतं. मीटर ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतो. जे स्लॅबमधून खाली उतरत होतं ते नेमकं तेच.

रात्री हा प्रश्न जास्त पेटतो, त्यालाही कारण आहे. आवाज लहान केला की आपल्या कानाला सगळ्यात आधी बेस ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं, आणि जुन्या डेकवरचं 'लाउडनेस'चं बटण त्यासाठीच होतं. ते बटण आता बऱ्याच यंत्रांवर नाही. माणसं मग सगळाच आवाज वाढवत नेतात.

मी खाली गेलो. एक आजी एकट्या राहतात. त्यांनी मला पलंगाशेजारी खुर्ची दिली. वर मी सिनेमा लावून ठेवायला सांगितलं होतं. संवाद अजिबात ऐकू येत नव्हते, संगीतही नाही. पण पलंगाजवळच्या स्टुलावर तांब्या होता, त्यावर पालथं घातलेलं भांडं, आणि ते मधूनमधून किणकिणत होतं. "हे बघ," आजी म्हणाल्या. "मी कानाने ऐकत नाही रे, मला कमीच ऐकू येतं. पण रात्री हे वाजतं आणि मला वाटतं कोणी दार वाजवतंय."

मी इतकी वर्षं सोफ्यावरच्या माणसाच्या कानाचा विचार करत आलो. खालच्या पलंगाचा केला नव्हता. वर येऊन सब टीव्हीजवळून काढला आणि सोफ्याच्या अगदी मागे, त्यांच्या पाठीपासून फूटभरावर आणला. इतक्या जवळून त्यांना तोच बेस फार कमी आवाजात मिळतो, आणि खोलीत, स्लॅबमध्ये जाणारा भाग तितकाच घटतो. खाली रबर आणि दाट फोमचा थर दिला. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. रिसीव्हरमधला रात्रीचा मोड चालू केला, त्यात स्फोट लहान होतात आणि संवाद तेवढेच राहतात. मग आजींना फोन लावून तो चालूच ठेवायला सांगितला, २० पासून चढणारा सूर लावला आणि दर थोड्या वेळाने विचारत गेलो. "वाजलं का आजी?" "नाही." "आता?" "थांब... हो, वाजलं." ४१ला. तेवढी पट्टी इक्वलायझरवर खाली घेतली. "आता?" "नाही." पुन्हा सुरुवातीपासून. पाऊण तास हे चाललं. आजींनी मधे भांडं नीट पालथं बसलंय का तेही बघून घेतलं.

सगळ्यात शेवटी काकांची सीडी लावली. ती दोघं सोफ्यावर बसली होती. डग्ग्याचा 'घे' त्यांच्या पाठीमागून निघाला, चढत गेला आणि मधे कुठे न फुगता 'क'वर थांबला. दोघांपैकी तिने मागे वळून डब्याकडे पाहिलं. माझ्या हातात फोन तसाच होता.

"आजी, वाजतंय का?"

"काय वाजतंय?" आजी म्हणाल्या. "तू लावलंस का काही?"